टाकीतले मासे बदलायचे नाहीत

उदयसिंह साहेब प्रश्न विचारायचे तेव्हा उत्तरही त्यांच्याच खिशात असायचं. "नव्वद टक्के होईल ना?" असं ते म्हणाले की समोरच्यानं नुसती मान हलवायची. पनवेलच्या त्या रंगाच्या कारखान्यात मालक तेच, चेअरमन तेच, एमडीही तेच. मग नाही म्हणायची छाती कुणाची होणार? तिथल्या इंजिनिअर प्राचीनं तर कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारं ते यंत्र स्वतः बांधलेलं, पण महिन्यापूर्वी तिनंही मानच हलवली. "जवळपास, साहेब," एवढं पुटपुटली खरी. अहवालात ते 'जवळपास' कुठे गळून पडलं देव जाणे. नव्वद तेवढं उरलं, आणि खाली तिची सही.

खरा आकडा एकसष्ट होता. कारखान्याच्या पाण्यातला रंग यंत्र पार काढून टाकायचं, पाणी काचेसारखं दिसायचं. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्या विषाचे शंभरातले एकोणचाळीस भाग तसेच राहायचे.

साहेब म्हणजे काही वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. मोठमोठ्या सल्लागारांनी हे होणार नाही म्हणून हात वर केले, तेव्हा "का होणार नाही?" म्हणून यानंच दोन वर्षं रेटलं. दुसरा कुणी असता तर यंत्र कागदावरच राहिलं असतं. प्राचीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिचं तोंड उघडत नव्हतं. खरं सांगितलं आणि त्यांनी चिडून सगळंच गुंडाळलं तर?

आज अंगणात मांडव होता. अकरा वाजता साहेब बटण दाबणार, आणि आजवर टँकरनं बाहेर शुद्धीकरणाला जाणारं पाणी यंत्रातून थेट खाडीत सुटणार. त्याच खाडीचा एक फाटा प्राचीच्या गावाला जातो, आणि भरतीला तिथून, उघाडीच्या झडपेतून, तिच्या बाबांच्या जिताडा माशांच्या तळ्यात पाणी शिरतं. सकाळीच बाबांचा फोन आला होता. "आज भरती मोठी हाय. दुपारी तल्याची उघाडी खोलतो. येऊ दे तुजा पानी, आमी बी बगतो." ती "हो बाबा" म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसून राहिली.

साडेदहाला ती यंत्रापाशी गेली. यंत्राच्या शेवटी काचेची टाकी होती. साफ झालेल्या पाण्यात सोनेरी मासे पोहताना पाहुण्यांना दिसावेत, ही साहेबांची हौस. टाकीपाशी प्लांट मॅनेजर कमळाकर उभे होते. हातात पिशवी, पिशवीत चार नवे मासे. पायाशी बादली, बादलीत चार मेलेले. टाकीत पाणी पडत होतं ते बागेच्या नळाच्या पाइपातून.

"हे कधीपासून?" प्राचीनं विचारलं.

"पहिल्यापासून. यंत्राच्या पाण्यात चार-पाच दिवस टिकतात. दर गुरुवारी नवे आणतो, आणि कुणी यायचं असलं की नळाचं पाणी सोडतो."

"साहेबांना माहीत आहे?"

"मेलेला मासा साहेबांना कोण दाखवणार?" कमळाकर शांतपणे म्हणाले. "तू दाखवशील?"

तिला भयंकर राग आला. कमळाकरांचा आला, त्याहून स्वतःचा आला. त्यांनी मासे बदलले, तिनं आकडा बदलला. फरक तो काय? तिनं बादली उचलली आणि तरातरा मांडवाकडे निघाली.

साहेब बटणापाशी पोचले होते. पाहुणे मोबाइल वर धरून उभे.

"साहेब, दोन मिनिटं."

"नंतर, प्राची."

"नंतर उपयोग नाही." तिनं बादली त्यांच्या पायाशी ठेवली. "यंत्राच्या पाण्यात हे मासे मरतात. आपण दर आठवड्याला नवे आणतो. नव्वद नाही साहेब, एकसष्ट आहे."

साहेबांचं बोट बटणावरच होतं.

"मी तुला विचारलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"विचारलं होतं. उत्तरही तुम्हीच दिलं होतं. मी मान हलवली, चुकलंच माझं."

त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग कमळाकरांकडे. कमळाकर जमिनीकडे बघत होते. शेवटी साहेबांनी हात काढून घेतला आणि माइक ओढला. "यंत्र अजून तयार नाही," ते म्हणाले. "जेवून जा."

प्राचीनं कोपऱ्यात जाऊन बाबांना फोन लावला. "उघाडी खुशाल उघडा. आज माझं पाणी येत नाही."

"का गो?"

"तयार नाही अजून."

"बरा झाला सांगलंस," बाबा म्हणाले.

दुपारी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली असंच प्राची धरून चालली होती. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. "उद्यापासून टाकीत यंत्राचंच पाणी. मासे बदलायचे नाहीत. मेला की मला फोन. थेट मला, आणि प्राचीनं करायचा." एवढंच बोलून त्यांनी दार दाखवलं.

पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. कमळाकर सवयीनं पिशवी घ्यायला वळले आणि मधेच थांबले. प्राचीनं फोन लावला.

"साहेब, एक मेला."

पलीकडून तोच ओळखीचा, भरदार आवाज आला. "पण सत्तरपर्यंत तरी गेलं असेल ना?"

आणि काय सांगावं, फोनवर कुणाला दिसणार नव्हतं, तरी प्राचीची मान हलायला लागली. तिनं मोकळ्या हातानं टाकीची कड घट्ट धरली.

"नाही साहेब. एकसष्टच."



"तो मासा काढू नकोस," ते म्हणाले. "मी येतोय बघायला."