सोडलेले अकरा प्रश्न

आमच्या घरात परीक्षा पेपर देऊन संपत नाही. पेपर देणारं माणूस घरी येतं आणि मग माझा नवरा जयदीप तीच परीक्षा पुन्हा घेतो.

आमची केया बारावीत. तिनं कॅल्क्युलसची एपी दिली होती, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची परीक्षा. मार्क पाचपैकी. टोरांटोच्या ज्या कोर्सला तिला प्रवेश मिळाला होता, त्यांची अट होती की चार हवेत. तीन आले तर प्रवेश गेला. निकाल जुलैत आणि आता कुठे मे संपत होता, पण तेवढा धीर जयदीपकडे नाही. गाडीचे बर्फासाठी लावलेले विंटर टायर काढायला त्याला अजून सवड मिळाली नव्हती. स्कोअरचा अंदाज सांगणारी वेबसाइट मात्र बरोबर शोधून काढली.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यानं लॅपटॉप उघडला.

"ये केया, बघूया."

"बाबा, नॉट नाऊ. प्लीज."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

वेबसाइट साधी होती. किती प्रश्न बरोबर आले तेवढी पट्टी सरकवायची, की खाली अंदाजे स्कोअर उमटतो. मोठ्या गणितांमध्ये केया जरा अडखळली होती, ते आकडे तिनं हळू आवाजात सांगितले. मग पर्यायवाल्या प्रश्नांची पाळी आली.

"पंचेचाळीसपैकी किती सोडवलेस?"

"थर्टी-फोर."

"म्हणजे अकरा सोडून दिलेस? शाबास!"

या शाबासकीमागे एक जुनी कथा आहे. नागपूरला असताना एंट्रन्सच्या पेपरात न येणारे प्रश्न जयदीपनं सोडून दिले म्हणून त्याला इंजिनिअरिंगची सीट मिळाली. त्याचा मित्र सगळे ठोकून आला आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये बुडाला. ही कथा ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्येसुद्धा त्यानं केयाला बजावलं होतं, "येत नसेल तर सरळ सोडायचं. अंदाजपंचे काही ठोकायचं नाही."

"त्यातले चुकले किती असतील?"

"मे बी सिक्स."

"म्हणजे बरोबर अठ्ठावीस." त्यानं पट्टी सरकवली. "आणि हे चुकलेले सहा कुठे टाकायचे? दुसरी पट्टीच नाही. कसली भंगार साइट आहे ही!"

"बाबा, ते टाकायचेच नसतात. देअर इज नो पेनल्टी. रॉन्ग काय, ब्लँक काय, दोन्हीला झिरो."

जयदीप हसला. मग त्यानं पानावरचा बारीक मजकूर वाचला, आणि त्याचं हसू मावळलं. स्क्रीनवर तीन दिसत होते.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला असता, तरी अकरांतले दोन-तीन लागलेच असते. मी पट्टी तीन घरं पुढे नेली. चार आले. परत मागे आणली. तीन.

माझं डोकं सणकलं. पोरीचं वर्षभराचं जागरण या माणसाच्या एका जुन्या कथेनं मातीत घातलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच पडेल आवाजात म्हणाला, "हे आधी कळलं असतं तर..."

"मला माहीत होतं," केया म्हणाली. "टीचरनं वर्षभर सांगितलं होतं. त्या दिवशी स्टार्ट करायच्या आधी इन्स्ट्रक्शन्समध्येपण वाचून दाखवलं."

"मग सोडलेस का?"

"तू म्हणालास ना."

"अगं, पण तुला माहीत होतं तर..."

"गेस केलं असतं आणि रॉन्ग आलं असतं, तर इट वुड बी माय फॉल्ट." ती बशीतल्या पोह्यांकडे बघत बोलत होती. "ब्लँक ठेवलं, तर तू सांगितलंस म्हणून ठेवलं. देन यू कान्ट बी मॅड."

जयदीपवरचा राग जिथल्या तिथे राहिला, आणि मला फक्त या मुलीची भीती वाटली. खुर्चीत बसून, घड्याळ चालू असताना, तिनं अकरा वेळा असा हिशेब केला होता.

"मी कधी ओरडलो गं हिला?" जयदीपनं मला विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. हात उचलणं सोडाच, आवाजही चढवणारा माणूस नाही तो.

"ओरडला नाहीस," मी म्हटलं. "पहिलीपासून फक्त विचारत आलास. अठ्ठ्याण्णव आणले, तर दोन कुठे गेले? नव्व्याण्णव आणले, तर एक कुठे गेला?"

त्यानं लॅपटॉप मिटला आणि हात तसाच त्याच्यावर ठेवून बसला.

"धिस टाइम मला माहितीये, बाबा," केया म्हणाली, "कुठे गेले ते."