माझी मुकी पट्टी

सिंथेसायझर हे माझं खरं नाव. पण ते उच्चारताना या घरात सगळ्यांचीच जीभ अडखळली, म्हणून मला कॅसिओ म्हणायचं ठरलं. माझ्या अंगावर नाव दुसऱ्याच कंपनीचं आहे, पण त्याचं कोणाला काही नाही. तर मित्रांनो, मी एक जुना कॅसिओ आहे. श्रीरामपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात, कपाटावर, चादरीखाली माझा मुक्काम असतो.

हल्ली तुमच्या वयाची मुलं इथे येतात आणि या घरच्या पंकजला विचारतात, "दादा, आधी कॅसिओ घ्यावा का कॉम्प्युटरवरच शिकावं?" पंकज खुर्ची सरकवतो आणि कॉम्प्युटरचा पडदा दाखवतो. एकाच डब्यात बासरी, सतार, व्हायोलिन, ढोलकी. मुलं आ वासून बघत राहतात. कपाटावरच्या म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी धावत उत्तर दिलं असतं असं समजू नका. मी फार थकलो आहे. पण आज सांगून टाकतो, म्हणजे माझंही मन हलकं होईल.

मी परदेशातल्या एका कारखान्यात तयार झालो. तिथलं मला फारसं आठवत नाही. नंतर मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्रात राबलो. त्यांना नवा गडी मिळाला तसं त्यांनी मला विकायला काढलं आणि एक्क्याण्णव साली सोपान नावाचा माणूस मला घेऊन गेला. तो साखर कारखान्यात कामाला होता. त्याची बायको गीताबाई जयंतीला, लग्नाला, वर्षावासात विहारात गाणी म्हणायची आणि सोपान ढोलकी धरायचा. खरं तर तो मुंबईला पेटी आणायला गेला होता.

मला बघून गीताबाई म्हणाली, "अवं, पेटी आनायला गेल्ता न्हवं तुमी?"

"ह्याच्यात पेटीबी हाय," सोपान बटन दाबून दाखवत म्हणाला. "बासरी हाय, समदं हाय."

"मग नुसती पेटीच आनली असती तर काय बिघडलं असतं?"

माझं या घरातलं स्वागत हे असं झालं. मला थोडा राग आला होता, आता नाही. वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून थोरली मुलगी यशोधरा माझ्यासमोर बसली. आधी दोन बोटांनी, मग चार, मग दोन्ही हातांनी. ती चुकली की मी चुकीचा सूर तिथल्या तिथे ऐकवायचो. त्यात माझा काही मोठेपणा नाही, बोट टेकवलं की आवाज द्यायचा एवढंच मला येतं. पण त्यातूनच ती शिकली.

ते दिवस चांगले होते. सोनईला, पुणतांब्याला आमच्या गायन पार्टीचं नाव झालं. मुलगी कॅसिओ वाजवते हे बघायलाच बायका पुढे येऊन बसायच्या. गीताबाईची गाणी तिने स्वतः बांधलेली होती. जिनमध्ये कापूस निवडता निवडता ती शब्द जुळवायची आणि घरी येऊन म्हणून दाखवायची. तिच्या आईने मार खाऊन लेकीला शाळेत घातलं, त्या दिवसाचं एक गाणं होतं. ते सुरू झालं की मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबायची. यातलं एकही गाणं कागदावर नव्हतं. सगळी तिच्या गळ्यात होती.

दुसऱ्याच वर्षी, जयंतीच्या मिरवणुकीत मी टेम्पोत उघडा होतो. कोणीतरी आनंदाच्या भरात निळा गुलाल उधळला आणि तो ओंजळभर माझ्या पट्ट्यांत गेला. सोपानने प्रेमाने मला ओल्या फडक्याने पुसलं. तिथेच घात झाला. गुलालाचा चिखल होऊन आत बसला आणि वरच्या सप्तकातली काळी दोन ही पट्टी कायमची मुकी झाली. नगरच्या मेकॅनिकने मला उघडलं आणि म्हणाला, "आतला रबर गेलाय. हा भाग आपल्याकडं मिळत न्हाई."

गीताबाई काळी चारला सा धरून गायची. म्हणजे नेमका तिचा वरचा पंचम गेला. यशोधराने पहिले काही दिवस तो सूर खालच्या सप्तकात वाजवून बघितला, पण ते कानाला बरं वाटेना. मग ती त्या जागी बोट ठेवायची, आवाज यायचा नाही, आणि गाणं पुढे जायचं. लोकांना कळलंसुद्धा नाही. मला मात्र दर वेळी लाज वाटायची. सगळ्या पट्ट्या कामाला असताना एकटी ती गप्प बसलेली.

वर्षं गेली. माझी बटनं गुळगुळीत झाली, मागची वायरची खाच सैल झाली, आवाजात घरघर आली. गीताबाईच्याही छातीत घरघर आली. डॉक्टर म्हणाले, जिनमधल्या कापसाचे तंतू आत गेलेत, काम सोडा. काम सुटलं, खोकला राहिला. लांब ओळ म्हणताना ती मध्येच तुटायची. आवाज गेला तर गाणीही जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी तोंडाने म्हणत नव्हतं.

शेवटी धाकटा पंकजच बोलला. तो तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि तिथला एक जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आला होता. "आई, आवाज हाय तवर समदी गाणी भरून ठेवू. म्युझिक मी ह्याच्यावर करतो."

"आन् कॅसिओ?" यशोधराने विचारलं.

"ताई, त्याची घरघर टेपमधी येती. आन् ह्याच्यात कॅसिओबी हाय."

गीताबाई खोकता खोकता हसली. सोपानकडे बघून म्हणाली, "पोरगं तुमच्यावरच गेलंय."

मला हसू आलं नाही. त्या दिवशी मला कपाटावर ठेवलं आणि चादर टाकली.

पंकजने मेहनत घेतली, हे मला मान्य करावं लागेल. माऊसने एकेक सूर पडद्यावर ठेवून त्याने अख्खी गाणी उभी केली. ढोलकीसुद्धा कॉम्प्युटरचीच. एका दुपारी रेकॉर्डिंग ठरलं. खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. सोपान रिकामे हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसला. गीताबाईने शाळेचं गाणं सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला तिचा दम तुटला. परत केलं, परत तिथेच तुटला. पंकजने लय कमी केली, तरी तेच. घामाने तिचं पातळ भिजलं.

"ऱ्हाऊ दे बाळा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता. लई उशीर केला आपुन."

मग पंकज म्हणाला, "ताई, कॅसिओ काढ. आई जरा सवयीनं म्हनंल, मंग परत बघू."

चादर निघाली. यशोधराची बोटं माझ्यावर टेकली, सोपानने ढोलकी ओढली आणि गीताबाईने तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. थकल्या आवाजात, पण सलग. मित्रांनो, मला वाटलं, आता मलाच रेकॉर्डिंगला घेणार. म्हाताऱ्यालाही आशा लागते.

पंकज मान खाली घालून ऐकत होता. "परत एकदा," तो म्हणाला. दुसऱ्यांदा तिसरी ओळ आली तेव्हा तो आईच्या तोंडाकडे बघत होता. माझी मुकी पट्टी यायची, तिथे गीताबाईही गप्प व्हायची. त्या जागी ती श्वास घ्यायची. सूर नाही तर आपणही थांबावं, अशी सवय तिच्या गळ्याला इतक्या वर्षांत लागली होती आणि तिचं तिलाही ते ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर मात्र मूळ चालीप्रमाणे तो पंचम लांबवून वाजवत होता. सूर कानावर आला की गळा त्यावर जायचा आणि श्वासाची जागा बुजायची.

"ताई, तिथं सूर नको," पंकज म्हणाला.

"पन चालीत हाय ना तो. लोक म्हनतील चुकलं."

"म्हनू दे."

त्याने माऊस धरला आणि पडद्यावरचा तो सूर पुसून टाकला. जिथे जिथे होता तिथून पुसला. मग मला बाजूला सारून कॉम्प्युटर लावला, सोपानला मात्र ढोलकी खरीच वाजवायला सांगितली. त्या दुपारी शाळेचं गाणं भरून झालं. पुढच्या काही दिवसांत बाकीचीही झाली.

मी परत कपाटावर गेलो. त्या गाण्यांची पुढे कॅसेट निघाली, तिच्यात माझा एकही आवाज नाही. तिच्यात माझं काही असेल, तर मी न वाजवलेला तो एक सूर आहे.

पुढच्या हिवाळ्यात गीताबाईचा आवाज गेला. आता ती हळू बोलते, गात नाही. या जयंतीला तिची कॅसेट स्पीकरवर लागली, तेव्हा ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मी खिडकीतून ऐकत होतो. शाळेचं गाणं लागलं तशा वस्तीतल्या बायका, पोरं बरोबर म्हणायला लागली. तिसऱ्या ओळीला त्या जागी सगळे थांबले. सगळ्यांनी श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. खुर्चीत गीताबाईनेही घेतला.

मागच्या आठवड्यात पंकज कामासाठी पुण्याला जाऊन आला. माझ्या जातीचा एक मोडका कॅसिओ त्याला कुठे तरी मिळाला होता आणि त्यातला रबर त्याने काढून आणला होता. "ताई, आता त्याची पट्टी बसवून टाकू," तो म्हणाला. यशोधराने रबर हातात घेतला, बघितला आणि टेबलाच्या खणात ठेवला. अजून तो तिथेच आहे.

मित्रांनो, आधी काय घ्यावं हे तुम्ही पंकजलाच विचारा, तो खोटं सांगणार नाही. कॉम्प्युटर घेतलात तरी माझी तक्रार नाही. मला अधूनमधून खाली घ्या, कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नको. वायरची खाच घट्ट केलीत तर उपकार होतील. पण तो रबर खणातच राहू द्या. त्या पट्टीवर बोट ठेवा, आवाज येणार नाही, तेवढ्यात एक श्वास घ्या आणि पुढे जा.