शंकाताईंच्या टेबलावरचा म्हातारा

जरा थांबा, माझा पंखा घरघरतोय, तो शांत होऊ द्या. हं, आता बोलतो. मी एक जुना संगणक, वय वर्षे सोळा. आमच्यात हे पणजोबांचं वय समजतात.

जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते सॉफ्टवेअर तपासणाऱ्या या खोलीत. संगणक आणि सर्व्हर एकमेकांशी ठरलेल्या रीतीने बोलतात आणि ती रीत अधूनमधून बदलते. सध्या तिची तिसरी आवृत्ती चालू आहे. मला येते फक्त पहिली. शेजारच्या नव्या संगणकांना तिन्ही येतात, आणि त्याची त्यांना जरा घमेंडही आहे.

माझ्यावर काम करणाऱ्या तपासनीस बाई प्रत्येक गोष्टीत शंका काढतात, म्हणून सगळे त्यांना शंकाताई म्हणतात. माझ्यावरची धूळ त्या स्वतःच्या रुमालाने पुसतात. माझा फार जीव आहे त्यांच्यावर.

गेल्या महिन्यात एका इस्पितळाच्या नाव-नोंदणीचं पान तयार झालं. नव्या संगणकांवर तिन्ही आवृत्त्यांची तपासणी झाली, सगळीकडे हिरव्या खुणा. साहेब खुशीत म्हणाले, "सोमवारी सुरू करू. आणि या म्हातारबाला आता भंगारात द्या, उगाच जागा अडवून बसलाय."

"साहेब, छोटे दवाखानेही याच पानावरून रुग्णांची नावं पाठवणार, आणि त्यांच्याकडे अजून असलेच संगणक आहेत," शंकाताई म्हणाल्या. "जाता जाता एकदा याच्यावर चालवून बघते."

मी पान मागवलं. मजकूर आला, आणि मी वाट बघत बसलो. दहा मिनिटं झाली.

"गोठला बिचारा," साहेब हसले.

"गोठला नाही, वाट बघतोय. पहिल्या रीतीत सर्व्हरने किती मजकूर येणार ते आधी सांगायचं असतं. आपला सांगतच नाही. मग बोलणं संपलं हे याला कळणार कसं?"

"अहो, पण हिरव्या खुणा?"

ताईंनी नोंदी उघडल्या. नव्या संगणकांना पहिल्या रीतीने बोला असं बजावलं होतं. पण सर्व्हरला नवी रीत येते म्हटल्यावर हे पठ्ठे नवीच बोलत राहिले. पहिलीची तपासणी झालीच नव्हती.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "सोमवारी आजारी माणसं ताटकळली असती हो," एवढंच ते म्हणाले.

दुरुस्ती तासाभरात झाली. मी पुन्हा पान मागवलं आणि ते झटक्यात उघडलं. मला इतका आनंद झाला की पंखा दुप्पट वेगाने फिरायला लागला.

सोमवारी पहिल्या तासात अकरा ठिकाणांहून पहिल्या रीतीने नोंदणी आली. शंकाताईंनी एकेक ओळ मला वाचून दाखवली. कुठे कुठे माझ्या वयाचे अकरा म्हातारे अजून कामावर होते. दुपारी भंगारवाला आला, तेव्हा साहेबांनी त्याला एक मोडकी खुर्ची देऊन वाटेला लावलं.

तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल. टाकून देण्याआधी एकदा काम सांगून बघा. आम्ही सावकाश असू, पण आम्हाला एकच रीत येते, त्यामुळे खोटी हिरवी खूण आमच्या हातून होत नाही.