हॉप्सचा काढा

केशवापुरातल्या घराच्या मागच्या पडवीत पद्मनाभने बर्फाचं पोतं खाली ठेवलं आणि चुलीवरच्या पातेल्यात डोकावला. पातेलं अर्धं आटलं होतं. कोनाड्यात ठेवलेल्या फुलांच्या पुरचुंड्या रिकाम्या होत्या.

"सगळी टाकलीस, आत्या?"

"मग काय चिमटीचिमटीनं टाकणार?" अंबूताई म्हणाल्या. "काढ्यात औषध आधी पडतं. आटवून चौथाईवर आणणार होते, तेवढ्यात तू आलास."

त्यांचे यजमान वैद्य होते. त्यांनी उभा जन्म काढे उकळले होते. पण पातेल्यात काढा नव्हता, बिअर होती, आणि हे पद्मनाभने त्यांना सांगितलं नव्हतं. सोवळ्याच्या घरात ते सांगण्यासारखं नव्हतं. 'पित्तावरचं औषध' एवढंच म्हणून त्याने पहिली पुरचुंडी टाकली आणि स्टेशनजवळच्या कारखान्यातून बर्फ आणायला गेला. उकळलेला रस झटपट थंड करायला बर्फ हवा होता. येताना बसच्या कंडक्टरने गळतं पोतं चढू दिलं नाही. रिक्षा मिळाली, ती रेल्वे फाटकात अडकली.

"बाकीच्याला हात लावू नको म्हणालो होतो."

"पुरुषमाणसाला काढ्यातलं काय कळतंय? सुम्मने बस आता."

तो खरंच गप्प बसला, चुलीपुढेच.

बेंगळुरातल्या बिअर कारखान्यात त्याच्या पाळीत एक टाकी नासली होती आणि त्याची नोकरी गेली होती. चूक बॉयलरवाल्याची, असं तो सगळ्यांना सांगे. तेव्हापासून तो घरी होता. बायको मुलांना घेऊन अळणावरला माहेरी गेली होती. नोकरी लागल्यावरच न्यायला या, असा सासऱ्यांचा निरोप होता. आता जवळच बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या मुख्य ब्रुअरने, प्रभंजनने, सांगितलं होतं, "सर्टिफिकेट नको. स्वतः करून पाजा." हॉप्सची वाळलेली फुलं हिमाचलातल्या मित्राने पाठवली होती. पुढचं पीक पावसाळा सरताना निघणार होतं. तोवर जागा भरली असती.

सुरुवातीला पडलेली फुलं कडवटपणा देतात, शेवटी पडलेली वास. त्याने पळीतला थेंब चाटला. जीभ आखडली. वास वाफेबरोबर गेला होता.

त्याने फुलं गाळून काढली आणि आटलेलं पाणी भरून काढलं. तरी कडूच. कडवटपणा काढून घेता येत नाही, फार तर जास्त रसात पसरता येतो. पहिला रस ज्याचा काढला होता ते सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, संपलं होतं. फडताळात आत्याच्या आंबिलीसाठी मोड आणून दळलेली नाचणी होती. ते पीठ त्याने कोमट पाण्यात धरून ठेवलं, गोडी उतरल्यावर गाळलं, फुलांशिवाय उकळलं आणि पहिल्या रसात मिसळलं. पुन्हा चाखलं. आता घोट गिळता येत होता. थंड करून त्याने यीस्ट टाकलं.

वासाचं मात्र काही सुचेना. चैत्रात बाजारात दवणा आला. बाटल्या भरण्याआधी त्याने दवण्याच्या काड्या बरणीत सोडल्या. हे हॉप्स नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं.

रविवारी प्रभंजन आला. स्कूटर लावून बाहेरच्या खोलीत बसला. पद्मनाभने ग्लास पुढे केला. प्रभंजनने आधी वास घेतला.

"दवणा?"

"हो."

एक घोट झाला. "नाचणी पण आहे. कडू पसरवलंत. काम चांगलं केलंय." त्याने ग्लास खाली ठेवला. "पण पसरवावं का लागलं?"

पद्मनाभ घाईने म्हणाला, "मी बर्फाला गेलो होतो. आत्यांनी सगळी फुलं सुरुवातीलाच उकळली. चूक त्यांची."

अंबूताई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. प्रभंजन त्यांच्याकडे वळला. "अक्का, पातेल्यात काय होतं?"

"पित्तावरचा काढा. का हो?"

"काही नाही." प्रभंजनने तांब्या घेतला, पाणी प्यायला आणि उठला. "पद्मनाभराव, काढा सांगितलात, त्यांनी काढा केला. बेंगळूरच्या बॉयलरवाल्याला काय सांगितलं होतंत?"

टाकी नासली त्या दिवशीही पद्मनाभ पाळी सोडून कुठे तरी गेला होता आणि जाताना अर्धंच सांगून गेला होता.

"बसा तरी," तो म्हणाला. "पुन्हा करतो. एक संधी द्या. माझी मुलं..."

"फुलं आहेत?"

"नाहीत."

प्रभंजनने मान हलवली. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली.

अंबूताईंनी टेबलावरचा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि हात लांब करून धरला.

"दारू आहे ही."

"हो."

"नोकरी ह्याच्यावर होती?"

"हो, आत्या."

त्यांनी ग्लास मोरीत उपडा केला, दोनदा विसळला आणि सोवळ्यातल्या भांड्यांपासून लांब ठेवला.

"खरं सांगितलं असतंस तर मी ओरडले असते," त्या म्हणाल्या. "घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मग विचारलं असतं, फुलं केव्हा टाकू."