सत्तेचाळिसावी तळटीप

मास्तरीणबाईंच्या प्रबंधात दोनशे अकरा तळटिपा होत्या. त्यातल्या दोनशे दहा गुणी निघाल्या. एका सत्तेचाळिसावीनं मात्र त्यांचा जीव नको नको करून सोडला होता.

तळटीप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही ते खरे सुखी. दुसऱ्याचं वाक्य आपल्या लिखाणात घ्यायचं, अवतरणचिन्हांत कोंडायचं, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सांगायचं की बाबांनो, हे माझं नाही, अमक्याचं आहे, त्याच्या तमक्या पुस्तकात इतक्याव्या पानावर आहे. ऐकायला किती सोपं. करून बघा एकदा.

मास्तरीणबाई शाळेत शिकवायच्या, म्हणून गल्लीत त्यांना सगळे तेच म्हणत. शाळा, घर आणि आता सहा वर्षांची झालेली मुलगी, हे सगळं सांभाळून त्यांनी नऊ वर्षं हा प्रबंध रेटला होता. विषय होता, कपडे शिवण्याच्या कारखान्यांतल्या बायका काम शिकतात कशा. गुरुवारी चारच्या आत तो विद्यापीठाच्या खिडकीवर द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा वाढत नाही, असं खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं होतं. गुरुवार हुकला की नाव खोडलं जाणार, नऊ वर्षं पाण्यात.

आणि सोमवार उजाडला तरी सत्तेचाळिसाव्या तळटिपेला पान मिळत नव्हतं.

वाक्य असं होतं: ‘शिवताना हात नुसता चालत असतो, शिकतो तो उसवताना.’

आता खरं सांगा, आहे की नाही वाक्य? मास्तरीणबाई तर त्या वाक्याच्या प्रेमातच पडल्या होत्या. ते हातात धरून त्या कारखान्याकारखान्यांत हिंडल्या, आणि बघतात तो काय, नव्या पोरीला पहिले काही महिने चुकलेल्या शिवणी उसवायलाच बसवतात, आणि जी मन लावून उसवते तीच पुढे पक्की होते. अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं राहिलं. वाक्य एका नामवंत प्राध्यापकांचं होतं. कामगारांवर त्यांचं चांगलं जाडजूड पुस्तक होतं. मास्तरीणबाईंच्या कार्डावर तसं स्वच्छ लिहिलं होतं: वर कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, शेजारी पान एकशे बारा.

फक्त एकशे बाराव्या पानावर ते वाक्य नव्हतं. एकशे अकरावर नव्हतं, एकशे तेरावरही नव्हतं. मास्तरीणबाईंनी ओळीखाली पट्टी धरून तीनशे चाळीस पानं दोनदा पालथी घातली. ग्रंथपालांनी बिचाऱ्यांनी तळघरातून जुनी आवृत्ती शोधून आणली, धूळ झटकली, स्वतः शेजारी बसून अर्धी वाचली. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, “बाई, वाक्य सोडा. ‘उसवणं’ हा शब्दच या माणसानं कुठे वापरलेला नाही.”

कार्ड लिहिलं होतं सासूबाईंनी. मुलीच्या वेळी डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना अंथरुणातून हलायचं नाही अशी तंबी दिली होती, आणि ग्रंथालयाची पुस्तकं तर परत करायची होती. मास्तरीणबाई पडल्यापडल्या वाचायच्या, हव्या त्या ओळींपाशी कागदाचे कपटे खुपसायच्या, आणि सासूबाई टेबलाशी बसून उतरवून काढायच्या. सातवीपर्यंतचं शिक्षण, त्यानंतर सव्वीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात मशीनवर. पण अक्षर असं सरळ आणि एकसारखं, की टाके घातलेत असं वाटावं. एकशे चाळीस कार्डं त्यांनी लिहिली, एकदाही कुरकुर न करता.

म्हणूनच तर मास्तरीणबाई त्यांना विचारत नव्हत्या. ‘आई, हे पान बरोबर आहे ना?’ एवढं म्हटलं तरी त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकलात’ असाच झाला असता. ज्या बाईनं एवढं केलं तिला शेवटच्या आठवड्यात चूक दाखवायची, हे काही त्यांच्या जिवाला पटेना.

सोमवारी दुपारी त्या मार्गदर्शक मॅडमकडे गेल्या. या मॅडमना विद्यार्थी पाठीमागे ‘पानबाई’ म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर ऊन आहे म्हटलं, तरी ‘कुठलं पान?’ असं विचारतील अशी त्यांची ख्याती.

“पान नाही तर वाक्य नाही,” पानबाई म्हणाल्या.

“मॅडम, वाक्य गेलं तर प्रकरण जाईल.”

“मग प्रकरण जाईल.” त्यांनी लाल पेन्सिलीनं सत्तेचाळीस आकड्याभोवती गोल केला. मग जरा थांबून म्हणाल्या, “तुझंच नाही ना ते? कधी कधी होतं असं, आपलंच वाक्य आपण वहीत लिहितो आणि पुढे कुणाचं ते विसरतो. तुझं असेल तर चिन्हं काढून टाक, तळटिपेची भानगडच नको.”

दार उघडंच होतं म्हणायचं. दोन बारीक चिन्हं खोडायची, की झालं. विचारणारं कोण होतं? पण मास्तरीणबाईंची मान आपोआप नकारार्थी हलली.

“माझं नाही, मॅडम. मला इतकं चांगलं सुचत नाही.”

घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून नातीच्या फ्रॉकची दुमड उसवत होत्या. पोरगी वाढली होती, फ्रॉक नव्हता वाढला. मास्तरीणबाईंचा चेहराच असा पडला होता, की न विचारता भागेना.

“काय झालं गं?”

आणि मग बांध फुटला. आठवडाभर पोटात ठेवलेलं सगळं मास्तरीणबाईंनी एका दमात सांगून टाकलं: ते वाक्य, ते पुस्तक, गुरुवार, पानबाईंचा लाल गोल. चूक तुमची नाही हं, आई, हेही तीनदा सांगितलं.

सासूबाईंची सुई थांबली नाही. “त्या पुस्तकात कसं सापडेल?” त्या म्हणाल्या. “ते माझं आहे.”

मास्तरीणबाईंना आधी कळलंच नाही.

“अगं, त्या शहाण्यानं काय लिहिलं होतं? की बायका शेजारणीचं बघून बघून आपोआप शिकतात. आपोआप! मला असा राग आला. सव्वीस वर्षं बसले मी मशीनवर, काही आपोआप येत नाही. त्याचं उतरवलं आणि खाली माझं लिहून टाकलं.”

“पण अवतरणचिन्हांत?”

“मग? शाळेत आम्हाला हेच शिकवलं, कुणी बोललेलं असलं की चिन्हांत घालायचं. हे मी बोलले होते.”

मास्तरीणबाईंनी कपाटातून कार्ड काढलं. खरंच की. वर प्राध्यापकांचं वाक्य, त्याची वेगळी चिन्हं. खाली दुसरं, त्याची वेगळी. सात वर्षं मास्तरीणबाई दोन्ही वाक्यं एकाच माणसाची समजत आल्या होत्या.

“मला वाटलं तू वाचशील आणि विचारशील,” सासूबाई दोऱ्याचा तुकडा ओढून काढत म्हणाल्या. “तू काही बोलली नाहीस. म्हटलं, आवडलं नसेल.”

हे ऐकून मास्तरीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठकुठल्या कारखान्यांतल्या बायकांच्या पुढ्यात वही घेऊन बसल्या होत्या त्या, ‘तुम्ही काम कसं शिकलात?’ म्हणून. आणि त्या बाहेर हिंडायच्या तेव्हा घरी त्यांच्या लेकीला भरवणाऱ्या, निजवणाऱ्या बाईला हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. वाक्य थोर वाटलं, कारण ते थोराचं वाटलं होतं.

“चुकलं माझं, आई,” त्या म्हणाल्या.

“चुकायचं काय त्यात? घाल तुझ्या नावावर. घरचंच आहे.”

“नाही घालणार.”

“अगं, पण तुझी डिग्री...”

“जाऊ दे गेली तर. तुमचं आहे ते तुमच्याच नावावर जाईल.”

मंगळवारी सकाळी पानबाईंच्या टेबलावर ते कार्ड पडलं. पानबाईंनी ते उलटसुलट पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मास्तरीणबाईंनी स्वप्नातही अपेक्षिलं नव्हतं.

“हे वाक्य मी दोन भाषणांत त्या प्राध्यापकांच्या नावावर ठोकून दिलंय. तुझ्या प्रबंधातून उचलून. तपासलं नाही. मी, तपासलं नाही.” पेन्सिल टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “दोन्ही ठिकाणी आजच पत्र धाडते. आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. फार मोठं काम केलंय त्यांनी.”

मग मात्र त्या पुन्हा पानबाई झाल्या. हस्तलिखित टिपणाचीही तळटीप होते, त्याचे नियम आहेत: लिहिणाऱ्याचं नाव, महिना, वर्ष, टिपण कुणाच्या संग्रहात आहे ते. नातं लपवायचं नाही, उघड सांगायचं. प्रकरणात अकरा ठिकाणी प्राध्यापकांचं नाव आलंय ते प्रत्येक ठिकाणी बदलायचं. आणि छापायला हरकत नाही असं लिहिणारीचं सहीचं पत्र हवं.

अकरा जागा बदलता बदलता बुधवारची दुपार झाली. महिना कुठला, हे सासूबाईंनी चटकन सांगितलं: “तुला सातवा लागला होता तेव्हा.” मास्तरीणबाईंनी पत्र टाइप करून आणलं, पेन उघडून पुढे केलं. सासूबाईंनी चष्मा लावला, पत्र वाचलं, तळटीप वाचली, पुन्हा पत्र वाचलं. आणि पेन खाली ठेवलं.

“मी नाही सही करत.”

“का हो, आई?”

“हे अर्धंच खरं आहे.” सासूबाईंनी चष्मा काढला. “कारखान्यात माझा पहिला आठवडा. चाळीस कॉलर उलट्या बसवल्या मी. मुकादम येऊन बघणार, उद्यापासून येऊ नकोस म्हणणार, हे ठरलेलंच. तिथे एक मावशी होत्या, काजं करायच्या. त्यांनी मला शेजारी ओढून बसवलं. म्हणाल्या, उसव, पण घाई नको. कुठे चुकलं ते बघत बघत उसव. जेवणाची सुट्टी झाली, सगळ्या उठल्या, मावशी नाही उठल्या. अर्ध्या कॉलर त्यांनी उसवल्या, अर्ध्या मी. उपाशी राहिल्या माझ्यापायी. वाक्य माझंच आहे, तसं त्या बोलल्या नव्हत्या. पण मला उसवायला बसवलं त्यांनी. त्यांचं नाव टाकलं नाही, तर मग त्यांच्यावर अन्याय मी केला असं होईल.”

मास्तरीणबाईंनी पेन उचललं. “नाव काय त्यांचं?”

“काजवाली मावशी,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “सगळ्या तेच म्हणायच्या. मी कधी विचारलंच नाही गं.”

“मीही कुठे विचारलं होतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि लिहायला बसल्या. संध्याकाळी नव्या तळटिपेवर सासूबाईंनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि मग पत्रावर सावकाश, वळणदार सही केली.

गुरुवारी सकाळी पानबाईंनी ती तळटीप वाचली: ‘संशोधकाच्या सासूबाईंचं हस्तलिखित टिपण, संशोधकाच्या संग्रहातून. वाक्य त्यांचं स्वतःचं. ज्या अनुभवातून ते आलं तो काजवाली मावशी यांनी दिला; मावशींचं नाव कुणी विचारलं नाही, त्याबद्दल खेद आहे.’ त्याखाली सासूबाईंचं नाव, आडनाव, महिना, वर्ष.

“हे नियमात बसत नाही,” पानबाई म्हणाल्या.

“काढू?”

“खबरदार काढलंस तर.”

पावणेचारला प्रबंध खिडकीतून आत गेला. कारकुनानं शिक्का मारला, तोही मान वर न करताच.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. “दिलास?”

“दिला.”

“मावशींचं गेलं त्यात?”

“गेलं. तुमच्या नावाच्या वरच आहे.”

सासूबाई आत येऊन खाटेवर बसल्या. सव्वीस वर्षं मशीनवर काढलेल्या त्या बाईला मास्तरीणबाईंनी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आज त्या पदर डोळ्यांना लावून रडत होत्या.

“त्यांना कळायला हवं होतं गं,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं.”

मास्तरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. “मी म्हणते आई,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला.”