परत मागवलेला गुडघा

मी एक जुना गुडघा आहे, मित्रांनो. हाडामांसाचा नव्हे, धातूचा, पोटात छोटा संगणक असलेला. एका थंड देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि दोहातल्या एका दवाखान्यात मी चाचणीचा गुडघा म्हणून रुजू झालो. ज्यांचा पाय मांडीपासून गेला आहे, त्यांना मला काही आठवडे लावून पाहायला देतात. विमा कंपनीने होकार दिला, की त्यांना माझ्यासारखाच नवा कोरा गुडघा मिळतो आणि मी परत कपाटात जातो. शाबासकी पुष्कळ मिळते, आठवण मात्र कोणी काढत नाही. त्याचे मला एवढे वाईट वाटत नाही. आज वाटते आहे ते मुनाफचे.

मुनाफ परकार रत्नागिरीचा. दोहाच्या अल नस्र भागात इमारतींची वायरिंग करायचा. अपघातात पाय गेला, तेव्हा त्याला साध्या बिजागरीचा गुडघा मिळाला. एकदा तो आपल्या मुलीला, इनायाला, कडेवर घेऊन अल मुंतझा वस्तीतल्या घराचा जिना उतरत होता. बिजागरी दुमडली आणि बापलेक दोघेही खाली आले. इनायाच्या हनुवटीला टाके पडले. त्यानंतर ती बापाच्या कडेवर जाईना.

मग मी आलो. माणसाचा तोल जाऊ लागला की त्याच्याआधी मला कळते आणि मी घट्ट होतो. एका संध्याकाळी त्याच जिन्यापाशी इनायाने हात वर केले. "पापा, अप!" मुनाफने तिला कडेवर घेतले; त्याची मांडी थरथरली. मी थरथरलो नाही.

पाय बसवणाऱ्या नीताताईंनी त्याला बजावले होते, "मुनाफभाई, विमा कंपनीचे डॉक्टर तपासायला येतील तेव्हा जुनाच पाय लावून या. पडलात ते सांगा. विम्याच्या कागदावर साध्या गुडघ्याचा कोड वेगळा, याचा वेगळा. पडण्याचा धोका दिसला नाही तर हा कोड मंजूर होणार नाही. त्यांना माणूस दिसत नाही हो, कोड दिसतो."

पण तपासणीच्या दिवशी ताहेरुन्निसाने, मुनाफच्या बायकोने, त्याच्यासाठी शर्ट इस्त्री केला, अत्तर लावले आणि म्हणाली, "सायबाच्या म्होरं जायचाय. ता जुना लाकूड नका लावू. बरा दिसायला नको?" मुनाफलाही ते पटले आणि तो मलाच लावून निघाला. मोठ्या माणसासमोर जाताना आपण नीटनेटकेच जातो ना!

"चलके दिखाइए," डॉक्टर म्हणाले. मुनाफ चालला, उतार उतरला, पायऱ्या चढला. देवा, किती सुंदर चालला! मी एकदाच दुमडलो असतो तर सगळे कळले असते. पण मग मुनाफ पडला असता, आणि त्याला पाडणे माझ्याच्याने होईना.

"कभी गिरे हो?"

मुनाफने कोपऱ्यात पाहिले. शाळेतून थेट आलेली इनाया खुर्चीवर पाय हलवत बसली होती. त्याच्या मांडीचा स्नायू दगडासारखा झाला. "नहीं सर. अल्हम्दुलिल्ला, सब ठीक."

बाहेर आल्यावर नीताताई कळवळून म्हणाल्या, "असं का बोललात हो?"

"ताई, पोरगी बसली व्हती. ती आता कुठं इसरायला लागलीय. तिच्यासमोर कसा सांगू, तुला मीच पाडली?"

नीताताईंनी विमा कंपनीकडे पुन्हा विनंती केली, फोन केले, हातापाया पडायचे तेवढे बाकी ठेवले. उत्तर आले: रुग्ण उत्तम चालतो, पडण्याचा धोका नाही, साध्या गुडघ्याचा कोड मंजूर. माझी सगळी मेहनत मुनाफच्याच मुळावर आली.

आज मला काढले. त्या जागी बिजागरी बसली. मुनाफने माझ्यावरून हात फिरवला आणि हळूच आभार मानले, "शुक्रन, दोस्ता." माझे खोके अजून उघडेच आहे आणि दार समोर आहे.

मित्रांनो, तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत. पण कोणी विचारले, कुठे दुखते, कधी पडलात, तर लाजू नका, खरे सांगा. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर 'सब ठीक' ऐकून लगेच लिहू नका. थोडे थांबा. त्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहा, तो कोणाकडे पाहतो आहे ते पाहा.

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्या आहेत. इनायाने हात वर केले आहेत. "पापा, अप!" आणि मुनाफ तिला नाही म्हणत नाही. तो वाकतो आहे. अहो, कोणीतरी थांबवा त्याला!