स्वस्त विजेची वेळ

उशीच्या अभ्र्यावर काळा कण. मोहरीहून बारीक, कापसाहून हलका. रमिझनं तो बोटानं झटकू पाहिला, आणि पांढऱ्या कापडावर लांबट डाग उमटला.

"अरे, बोट नको लावूस, फुंकर मार!" दोरीपलीकडून त्याची बायको शेफिका ओरडली. "उभा जन्म वीजकेंद्रात काढलास, अजून राख झटकता येत नाही तुला."

अभ्रा दुन्याचा होता. नात परवा ऑस्ट्रियातल्या लिंझहून येणार, म्हणून आठवडाभर शेफिका घर धुऊन काढत होती. धुतलेलं वाळत घालायचं, वाळलेलं पुन्हा धुवायचं, सगळ्या तुझ्ला गावाला हीच सवय... गेल्या हिवाळ्यात याच खोलीत ती पोर रात्र रात्र खोकली होती. दवाखान्यातून परतल्यावर तिची आई मेलिहा अंगणातच थांबली, बापाच्या जुन्या मोटरसायकलीपाशी. "बाबा, हिच्या खिडकीखाली रोज हा धूर सोडतोस तू. ही गाडी इथं आहे तोवर मी पोरीला आणणार नाही." लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती थकलेल्या आवाजात बोलली होती.

आणि त्यानं गाडी विकली. तरुणपणापासूनची गाडी — जिच्यावर शेफिकाला पहिल्यांदा तळ्यावर नेलं होतं — विकली, आणि तिच्या जागी ही आणली, मुकी, विजेवरची. मेलिहाला फोनवर ऐटीत सांगितलं, आता आपल्या अंगणात हवा स्वच्छ. मीच सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं.

काल बॅटरी उतरली होती म्हणून तो आज कामगारांच्या बसनं निघाला. "एक वाजता वायर लाव, विसरू नकोस," एवढं बजावून. दुपारी एकपासून वीज स्वस्त. तेव्हाच गावातली कपड्यांची यंत्रं फिरायची, तेव्हाच विजेच्या भट्टीत खिमा भरलेला बुरेक जायचा.

वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात जोडीदार अँतो वाटच बघत होता. रमिझच्या विजेच्या गाडीला तो इस्त्री म्हणायचा. "काय रे, आज इस्त्रीवर बसून नाही आलास?"

"इस्त्री घरी तापतेय."

"म्हणजे इथंच तापतेय," अँतो हसला आणि कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण रमिझला ते लागलं.

बरोबर एकला विजेच्या मागणीचे आकडे चढू लागले. "लागल्या आपल्या बायका कामाला," अँतो रोजच्यासारखं म्हणाला आणि रमिझनं रोजच्यासारखं खाली कळवलं, कोळसा वाढवा. हात सवयीनं चालत होते. शेफिकानं आत्ता वायर लावली असेल... या चढत्या आकड्यात कुठंतरी माझीही गाडी आहे. मी इथं जाळतो, म्हणजे तिथं मला धूर न करता फिरता येईल — आणि ही राख कुठं जाते? सकाळी बोटाला लागली ती कुठली होती?

त्यानं मागे यासनाला विचारलं होतं. नवी इंजिनियर, मेलिहाच्याच वयाची. "रमिझकाका, बॅटरी बनवतानाची घाण धरली, आपला हा कोळसा धरला, तरी पेट्रोलच्या गाडीपेक्षा ही बरी."

"किती बरी?"

"आपल्या कोळशावर... थोडीशी." मग त्याचा चेहरा बघून तिनं घाईघाईनं जोडलं, "पण धूर आता पोरीच्या खिडकीखाली तर नाही ना!"

"मग कुठे आहे?"

यासनानं बोट वर, धुराड्याच्या दिशेनं केलं होतं. थोडीशी तर थोडीशी, असं त्यानं तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटंही नव्हतं. पण त्या पोरीच्या छातीला थोडीशी पुरेल का, हे यासनाला विचारायचं राहिलं, आणि आता विचारायचं बळ उरलं नव्हतं. खिडकीबाहेर धुकं दरीत बसलं होतं, कालपासून हललं नव्हतं. धुराड्याचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. जे वर जायचं ते सगळं खालीच उतरत होतं, बाजारावर, शाळेवर, शेफिकाच्या दोरीवर. नुसता शीण, हाडांत मुरलेला.

फोन वाजला. मेलिहा. "बाबा, बॅगा भरल्यात. हवा कशी आहे रे तिकडे?"

त्याचं तोंड उघडलं. पोरीला वर्षभर पाहिलं नव्हतं. नको येऊस — दोनच शब्द होते. "बाबा? ऐकू येतंय ना?" आणि मग झटापट, हसणं, आणि एकदम कानाशी दुन्याचा तो बारीक आवाज, "आजोबा! नव्या गाडीवर मला पुढे बसवशील? आई म्हणते, तिला धूरच नाही!"

"नाही," तो म्हणाला. "गाडीला नाही."

"मग मी येते!"

अँतो आकड्यांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. रमिझ फोन कानाला धरून उभा राहिला. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली, तो येऊच नये असं त्याला वाटत होतं, आणि तरीही, पोरीनं फोन ठेवू नये, असंही.